न जाणारा चट्टा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सहायक शिक्षक, बी.ए., बी.एड., आर्णी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या मास्तरने कातडीच्या कॅन्सरवर बोलावे, म्हणजे शिंप्याने लोहाराचा हातोडा उचलावा तसेच झाले. मी डॉक्टर नाही. पण माझ्या घरात हा आजार येऊन गेला; येऊन गेला म्हणण्यापेक्षा, अजून आमच्यासोबत राहतो आहे. त्याच्यापायी आमच्या घराने पाच वर्षे गमावली. ती पाच वर्षे आणखी कुणाच्या घरची जाऊ नयेत, एवढ्यासाठीच मी आपल्यापुढे उभा आहे.

माझे मामू शिवणकाम करतात. इथेच आर्णीत त्यांचे लहानसे दुकान आहे. २०११ मध्ये, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, त्यांच्या कमरेखाली आणि मांडीवर दोन-तीन चट्टे उठले. थोडे फिकट, कोरडे, कडेला किंचित लालसर, वरून बारीक कोंडा सुटणारे. खाज होती, पण सहन होण्यासारखी. दिवसभर यंत्रावर बसून घाम साचतो, त्याने गजकर्ण झाले असेल, असे घरात ठरले. कपाशीच्या फवारणीचे दिवस होते, तेव्हा कुणी म्हणाले औषधाचा वास बाधला. मी स्वतः दुकानातून एक ट्यूब आणून दिली. चिठ्ठी नव्हती, कुणी मागितलीही नाही. आठ दिवसांत चट्टे फिके पडले आणि माझी घरात वाहवा झाली. महिन्याने चट्टे परत आले. पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच. हा खेळ तीन वर्षे चालला.

त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड होते, हे मला फार उशिरा कळले. स्टिरॉइडने कातडीवरची लाली आणि खाज दबते, पण आजार काय आहे हे त्यामुळे कळत नाही. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. नियम झाला, तरी आपण मागणे थांबवले पाहिजे.

२०१४ पर्यंत चट्टे पोटावर आणि दंडाच्या आतल्या बाजूला आले होते. दंडावरचा चट्टा बाहीतून दिसू लागला आणि गावात कुजबुज सुरू झाली. ती काय होती, हे विदर्भातल्या माणसाला सांगावे लागत नाही. आपल्या भागाने महारोग फार जवळून पाहिला आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभारले. पलीकडे वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन. या थोर माणसांनी रुग्णाला माणूस म्हणून उभे केले. पण आपल्या मनातली भीती मात्र जागची हलली नाही. अंगावर फिकट चट्टा म्हणजे महारोग, आणि महारोग म्हणजे माणूस संपला, हेच समीकरण आपल्या डोक्यात बसलेले आहे.

त्या वर्षी रमजानमध्ये मामूंच्या दुकानात ईदचे कपडे फारच थोडे आले. दरवर्षी चांदरातीपर्यंत यंत्र थांबायचे नाही. त्या वर्षी ते रात्री नऊला बंद होत होते. मामेबहिणीचे लग्न जवळपास ठरले होते, ती बोलणीही हळूहळू थंडावली. कुणी तोंडावर काही बोलले नाही.

आणि आम्ही घरचे लोक काय करत होतो? मी तेव्हा बी.एड. करत होतो. सराव पाठासाठी वर्गात अस्पृश्यता निवारणाचा धडा घेतला, निरीक्षकांनी शाबासकी दिली. संध्याकाळी मामू घरी आले, तेव्हा मी त्यांना पाणी दिले ते वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात. त्या पेल्याच्या तळाला आम्ही खिळ्याने खूण केली होती. मामूंनी पेला उलटा करून खूण पाहिली, पाणी प्याले आणि काही न बोलता गेले. ही गोष्ट मी आज सगळ्यांसमोर मुद्दाम सांगतो आहे. शिकलेल्या माणसाकडूनही असे होते.

शेवटी सरकारी आरोग्य कर्मचाऱ्याने मामूंची तपासणी केली. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापसाची वात फिरवली. मामूंना प्रत्येक वेळी स्पर्श कळला. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा बधिरपणा असतो, नसा जाड झालेल्या लागतात. इथे दोन्ही नव्हते. कातडीतला द्रव काढून तपासला, त्यातही जंतू मिळाले नाहीत. महारोग नव्हता. अम्मीने शुकराना अदा केला, घरात मिठाई वाटली.

आणि इथेच आमची दुसरी चूक झाली. पहिली चूक ट्यूबची. दुसरी त्याहून मोठी. "पुन्हा येऊन कातडीच्या डॉक्टरांना दाखवा," असे मामूंना सांगितले होते. पण महारोग नाही एवढे कळल्यावर आम्ही विचारणेच सोडून दिले. आजार अमुक नाही हे कळले, तरी तो कोणता आहे हे कळायचे बाकी होते. त्यात आणखी दोन वर्षे गेली. २०१६ मध्ये चट्टे जाड होऊन हाताला लागू लागले, रात्रीची झोप खाजेने उडाली, तेव्हा आम्ही मामूंना नागपूरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासला. पहिल्या तुकड्यात निदान पक्के झाले नाही, दुसऱ्यात झाले. आजाराचे नाव निघाले मायकोसिस फंगॉइडिस. त्वचेच्या लिम्फोमाचा हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे.

आता हा आजार आहे तरी काय, ते जसे मला समजले तसे सांगतो. आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या काहींचे काम शरीरात राखण करण्याचे असते. त्यांपैकी टी-पेशी नावाच्या पेशी कातडीतही येत-जात असतात. कधी कधी यांतलीच एखादी पेशी बिघडते, तिच्यासारख्याच अनेक पेशी तयार होतात आणि त्या कातडीत ठाण मांडून बसतात. अशा पेशींच्या कॅन्सरला लिम्फोमा म्हणतात. कातडीपासूनच सुरू झाला, तर तो त्वचेचा लिम्फोमा. उन्हाने किंवा जखमेने होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरपेक्षा हा वेगळा. तो संसर्गाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यात पाणी प्यायल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने तो कुणालाही होत नाही. तो कुणाच्या पापाचे फळ नाही. तो नेमका का होतो, याचा उलगडा शास्त्राला अजून झालेला नाही.

नावाची कथा इतिहासाच्या मास्तराला आवडण्यासारखी आहे. १८०६ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील डॉक्टर आलिबेर यांनी या आजाराचे पहिले वर्णन केले. त्यांच्या रुग्णाच्या अंगावर गाठी आल्या होत्या, आणि त्या पावसाळ्यात उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या दिसत होत्या. त्यावरून बुरशीचा अर्थ असलेले नाव पडले. बुरशीचा या आजाराशी काडीचा संबंध नाही. नाव चुकले, पण टिकले. पुढे १८७० मध्ये बाझँ या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरांनी त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी सपाट चट्टा, मग जाड चट्टा, मग गाठ. एका पायरीवरून दुसरीवर जायला कित्येक वर्षे लागतात, आणि पुष्कळ रुग्ण पहिली पायरी कधीच ओलांडत नाहीत.

या आजाराची लक्षणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. चट्टे बहुधा कपड्याखाली झाकलेल्या जागी येतात: कंबर, कुल्ले, मांड्या, पोट, छाती, दंडाची आतली बाजू. म्हणजे जिथे ऊन लागत नाही, तिथे. चट्ट्यावरची कातडी कधी पातळ, बारीक सुरकुत्या पडलेली असते, कधी कोंडा धरते. गोऱ्या कातडीवर चट्टा लाल दिसतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसेलच असे नाही. तो फिकट किंवा काळपट दिसू शकतो, आणि म्हणून त्याला कुणी कोड म्हणतो, कुणी महारोग, कुणी इसब, कुणी नायटा. फिकट चट्ट्यांचा प्रकार सावळ्या लोकांत आणि लहान वयातही आढळतो. एरवी हा आजार जास्त करून पन्नाशी-साठीच्या सुमारास दिसतो, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक. पुढे चट्टे जाड होतात, काहींच्या अंगावर गाठी येऊन फुटतात, काखेत किंवा जांघेत अवधाण येते. थोड्या रुग्णांचे सगळे अंग लाल होऊन सोलते आणि बिघडलेल्या पेशी रक्तात सापडतात. त्या प्रकाराला सेझरीचा आजार म्हणतात.

हा आजार दुर्मिळ आहे. पाश्चात्त्य देशांच्या नोंदींत दहा लाख लोकांमागे वर्षाला पाच-सहा नवे रुग्ण मिळतात. तेव्हा घरी जाऊन प्रत्येक खाजेला कॅन्सर समजू नका. शंभरातले नव्व्याण्णव चट्टे साधेच असतात. मात्र तो दुर्मिळ असल्यामुळेच कुणाच्या लवकर ध्यानात येत नाही. परदेशातही पहिला चट्टा उठल्यापासून निदान होईपर्यंत बहुधा तीन-चार वर्षे जातात. आमची पाच गेली.

निदानाची खात्रीची वाट एकच: तुकडा काढून तपासणे. आपल्याकडे पक्की समजूत आहे की तुकडा काढला, हत्यार लावले, की कॅन्सर पसरतो. मामूही याच भीतीने अडले होते. या आजारात कातडीचा तुकडा घेतल्याने रोग पसरत नाही. जागा बधिर करून मसुराच्या दाण्याएवढा भाग घेतात, एखादा टाका घालतात. सुरुवातीला हा आजार सूक्ष्मदर्शकाखालीही इसबासारखाच दिसतो, म्हणून काही महिन्यांनी दुसरा तुकडा मागितला तर डॉक्टर चुकले असे समजू नका. आणि स्टिरॉइडचे मलम लावत असाल तर ते आधी सांगा. तपासणीपूर्वी काही आठवडे ते बंद ठेवावे लागते, नाही तर त्या पेशी सापडतच नाहीत.

तुकडा तपासण्याच्या या शास्त्राचा पाया आपल्या राज्यात ज्यांनी घातला, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे होती. कॅन्सर आणि कुष्ठरोग, दोन्हींवर त्यांनी काम केले. लोक ज्या दोन नावांना सर्वांत जास्त भीत होते, तीच त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधल्याने त्याच जागी होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरचे वर्णन त्यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. हा कॅन्सर लिम्फोमापेक्षा निराळा, पण धडा तोच. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी परकराच्या घट्ट नाडीखाली न भरणारी जखम होऊन कॅन्सर झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. दोघींची जखम वर्षाहून अधिक काळ चिघळत होती. झाकलेल्या जागेचे दुखणे झाकूनच राहते, हे यावरून दिसते.

आता उपचार. चट्टे थोडे असतील तर डॉक्टरांनी ठरवून दिलेली मलमे पुरतात. इथे स्टिरॉइडही वापरतात, पण निदान झाल्यावर आणि देखरेखीखाली. चट्टे जास्त असतील तर अतिनील किरणांचा उपचार देतात. रुग्णाला एका उभ्या कपाटात काही मिनिटे उभे करतात, आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने. आजार पुढे गेलेला असेल तर गोळ्या, इंजेक्शने, रेडिएशन आहेत.

या किरणांच्या उपचारामागे एक जुनी गोष्ट आहे. तेराव्या शतकातील अरबी वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार यांनी एका रानटी झाडाचे बी पोटात देऊन कोडाच्या डागांवर ऊन घेण्याचा उपाय नोंदवून ठेवला. आपल्याकडे वैद्य आणि हकीम हेच काम बावचीच्या बियांकडून करवून घेत. दोन्ही बियांत सोरालेन जातीची द्रव्ये आहेत. ती कातडीला किरणांविषयी हळवी करतात. इजिप्तच्या शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात त्या रानटी झाडातून असे द्रव्य वेगळे काढले, आणि १९७० च्या दशकात ते मोजलेल्या किरणांसोबत देऊन या लिम्फोमावरही वापरले जाऊ लागले. पण हे ऐकून कुणी घरी बावची चोळून उन्हात बसू नये. मात्रा चुकली तर कातडी भाजते, फोड येतात. मूळ ज्ञान जुने असले, तरी ते मोजून वापरायला आजचा डॉक्टरच हवा.

नागपूरला मामू चार महिने एका नातलगाकडे राहिले. आठवड्यातून तीन दिवस किरण घ्यायचे, उरलेले दिवस तिथल्या दुकानात काज-बटणाचे काम करायचे. चट्टे विरले. २०२१ मध्ये काही परत उठले, पुन्हा उपचार घेतले, पुन्हा विरले. डॉक्टरांनी आम्हाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले होते: हा आजार मुळापासून जाईल असे वचन देता येत नाही, पण तो ताब्यात ठेवता येतो, मधुमेहासारखा. मामू आज सहासष्ट वर्षांचे आहेत आणि यंत्रावर बसतात.

पण सगळ्यांचे असेच होते, असे मी सांगणार नाही. लंडनच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये १,५०२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांचे चट्टे शरीराच्या दहाव्या भागाहून कमी होते, अशा रुग्णांपैकी शंभरात ९४ जण निदानानंतर पाच वर्षांनीही हयात होते. अशा रुग्णांचे आयुष्य त्यांच्या वयाच्या इतर माणसांइतकेच असते. चट्टे त्याहून पसरलेले असतील, तर पाच वर्षांनी हयात असलेले शंभरात ८४. गाठी आल्या की तोच आकडा ४७ वर येतो, आणि लसिकाग्रंथींत किंवा आतल्या अवयवांत रोग शिरला तर त्याच्याही खाली. त्या टप्प्यावर फुटलेल्या गाठींतून जंतू शिरतात आणि पुष्कळदा तोच संसर्ग जीव घेतो. विद्यार्थ्यांनो, शरीराचा दहावा भाग कसा मोजायचा? बोटांसह आपला स्वतःचा तळहात म्हणजे आपल्या कातडीचा साधारण शंभरावा भाग. म्हणजे दहा तळहात. मामूंचे चट्टे २०११ मध्ये तीन तळहातांचे होते. निदान झाले तेव्हा ते दहांच्या पुढे गेले होते.

म्हणून पालकांना माझ्या काही विनंत्या आहेत.

कोणताही चट्टा योग्य औषध घेऊनही दोन-तीन महिन्यांत गेला नाही, किंवा जाऊन पुन:पुन्हा त्याच जागी आला, तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. यवतमाळचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून चाळीसएक किलोमीटरवर आहे. पुढे सेवाग्राम आहे, नागपूर आहे. खर्चाच्या भीतीने थांबू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जुन्या चिठ्ठ्या आणि ट्यूबची रिकामी खोकी एका पिशवीत ठेवून सोबत न्या. आणि "हे अमुक नाही" एवढे ऐकून परत येऊ नका, "मग काय आहे, आणि परत कधी यायचे?" हे विचारूनच उठा.

आई-बहिणींना वेगळे सांगायचे आहे. हे चट्टे जिथे येतात, त्या जागा आपण कुणाला दाखवत नाही. स्त्री डॉक्टरची मागणी करा, सोबत घरातली बाई न्या, पण दाखवा. हया चांगली आहे. दुखणे लपवणे म्हणजे हया नव्हे.

आणि चट्टा खरोखरच कुष्ठरोगाचा निघाला, तरी काय? त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा एक वर्ष घेतली की रोग बरा होतो. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यातही होते. संसदेने २०१९ मध्ये ते सर्व संबंधित कायद्यांतून काढून टाकले. कायद्याने काढलेली गोष्ट आपण रिश्ते जमवताना मनातून काढायला नको का? माझ्या मामेबहिणीचे लग्न दोन वर्षांनी दुसऱ्या घरात झाले. त्या घराने मामूंचे कागद वाचले, चार प्रश्न विचारले आणि जेवायला बसताना त्यांना आपल्या शेजारी घेतले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी परिचारिका, कुणी औषधाच्या दुकानात बसेल. त्या दुकानात कुणी मामूंसारखा माणूस चिठ्ठीशिवाय ट्यूब मागेल, तेव्हा त्याला एकच विचारा: "किती दिवसांपासून आहे?"

तो खूण केलेला पेला आमच्या घरात अजून आहे. मामूंचे निदान झाल्यावर मी तो टाकून देणार होतो. अम्मी म्हणाली, राहू दे. आता त्यातून मी पाणी पितो.